व्याह्यांचे रीळ उघडिल्याची हकीकत

श्रीगजानन समर्थ. पुणे शहर, शनिवार पेठ, येथील जिन्यात व पाण्याच्या टाकीपाशी नाना प्रकारच्या वावड्या उठल्या. कोणी म्हणे खांबेट्यांनी घड्याळ उघडले, कोणी म्हणे बंदूक उघडली, कोणी म्हणे उघडले काहीच नाही, नुसता आवाज होता. सबब खरे वर्तमान एकवार लिहून ठेवावे, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करू नये, ऐशा हेतूने जे घडले ते घडले तैसे, पदरचे न घालता व कोणाची भीड न धरता, लिहिले आहे. वाचणारांनी हात पुसून वाचावे.

राजमान्य राजश्री यज्ञेश्वरपंत खांबेटे हे विमाकचेरीची चाकरी इमाने इतबारे करून निवृत्त जाहले, आणि मग घरातील यंत्रांच्या मुलखाकडे त्यांची नजर वळली. प्रथम मिक्सरावर स्वारी केली. तो तेव्हापासून झाकणावर दोन्ही हातांचा भार दिल्याखेरीज फिरत नाही. मग इस्तरी काबीज केली. ती आता एक तर थंड असते किंवा सदरा जाळते, मधला मार्ग तिने सोडिला. तथापि दोन्ही मोहिमा फत्ते जाहल्या ऐशी खाशांची खातरजमा होती, आणि त्यांच्या कुटुंबास, म्हणजे सौभाग्यवती कुसुमबाईंस, याविषयी काय वाटते ते विचारण्याची छाती कोणास जाहली नाही.

खांबेट्यांची कन्या स्वराली ही भंडाऱ्याकडील बोरकुटे घराण्यात दिली होती. जावई आनंदराव संगणकाचे चाकरीत, बिऱ्हाड हिंजवडीचे बाजूस. त्यांचे वडील रंगराव बोरकुटे, तहसील कचेरीतून निवृत्त, तळ्यांच्या मुलखातले, गळ टाकून मासा काढण्यात वाकबगार. उलटपक्षी खांबेटे घराणे पिढ्यानपिढ्यांचे शाकाहारी. लसणाचा प्रवेशदेखील त्या घरात अलीकडचा. सबब लग्नाचे समयी उभय घराण्यांत अलिखित तह जाहला की मासळीचा विषय काढू नये. आणि तो इतका काटेकोर पाळिला गेला की दुसराही कोणता विषय निघेना. भेट होई, हवापाण्याचे बोलणे होई, आणि मग दोघे व्याही छताच्या पंख्याकडे पाहत बसत.

ऐसे असता रंगराव काही दिवस मुलाकडे राहावयास आले, आणि रविवारी मुलासुनेसह मुळशीच्या पाण्यावर जाण्याचा त्यांचा बेत ठरला. व्याह्यांस विचारले नाही तर वाईट दिसेल म्हणून त्यांनी विचारिले, आणि नाही म्हटले तर वाईट दिसेल म्हणून पंतांनी होकार दिला. काठावर गेल्यावर रंगरावांनी गळाची काठी काही क्षण पंतांच्या हाती सोपविली आणि आपण डबा सोडावयास बसले. पंतांस काठी धरण्याचा सराव नव्हता. छत्री ठेवावी तैसी त्यांनी ती अदबीने ओल्या वाळूत ठेविली, दोरा गुंडाळावयाचे रीळ खाली आणि दांडी वर. मग रंगरावांनी उचलून रिळाचा दांडा फिरविला तो आतून कचकच निघाली, जैसे कोणी खडे न निवडिलेले पोहे चावतो आहे.

रंगरावांनी दांडा पुनः एकवार फिरविला, ऐकिले, आणि म्हणाले, "राहू द्या न भाऊ. होत असते असं."

हेच पंतांस लागले. शिव्या दिल्या असत्या तर शनिवार पेठेस उत्तर देता येते. क्षमेस उत्तर येईना. मग परतीचे वाटेवर पंतांनी भरगाडीत जाहीर केले की रीळ आपण घरी नेऊ, उघडू, साफ करू, आणि पुढील शनिवारी नवेकोरे करून हाती देऊ. पुढे बसलेल्या स्वरालीने आरशातून बापाकडे पाहिले, आणि तिला मिक्सर आठवला हे तिच्या डोळ्यांत दिसले.

रंगरावांनी रीळ मांडीवर घेतले. "कचेरीतल्या पोरांनी दिलं होतं हे. निवृत्तीच्या दिवशी," इतकेच ते म्हणाले, आणि मग ते रुमालात बांधून, गाठ मारून, व्याह्यांच्या ओंजळीत ठेविले. पुढे म्हणाले, "पुढच्या रविवारी अजून एकदा यायचं आहे पाण्यावर. मग सोमवारी मी गावाले निघतो."

येणेप्रमाणे मुदत ठरली आणि शब्द गेला, आणि शनिवार पेठेत गेलेला शब्द परत घेण्याची चाल नाही.

मग पंत मसलतीस बसले. फोनावर एका परदेशी दाढीवाल्याचा व्हिडिओ सापडला. तो ऐसेच रीळ चहा थंड होण्याच्या आत उघडून, पुसून, परत जोडीत असे आणि मध्येच हसत असे. पंतांनी तो पुनःपुनः पाहिला आणि त्यांस असे वाटू लागले की हे आपणही कधीकाळी केले आहे. मग रसदेची तजवीज केली. शिवणयंत्राचे तेल घरात होते. ग्रीस नव्हते, सबब खासा स्वारी पायी कसबा पेठेस गेली आणि एका अरुंद दुकानासमोर उभी राहिली.

"ग्रीस आहे का? लहान ट्यूब."

"कशाला पाहिजे?"

"मासे धरायच्या रिळाला."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिले. "मासे कोण धरतं?"

"आमचे व्याही."

"मग ग्रीस त्यांना लागेल," असे म्हणून त्याने ट्यूब काढिली, पुसली, आणि ठेवता ठेवता सुनाविले, "उघडलेली परत घेत नाही. रीळसुद्धा."

रसद घेऊन स्वारी परतली, तो रणभूमीचा प्रश्न उपस्थित जाहला. घरात मेज एकच, आणि ते जेवणाचे. कुसुमबाईंनी प्रथम हुकूम केला की मासळीचे यंत्र अन्नाचे मेजावर येणार नाही. पंतांनी अर्ज केला की यंत्राने मासळी अजून पोटात घेतलेली नाही, ती काठीचे टोकास असते. मग पुष्कळ बोलणी होऊन ठरले की खाली वर्तमानपत्र अंथरावे, काम होताच मेज साबणाने धुवावे, आणि याउपर यंत्रांचे नाव घरात काढू नये.

"पेपर कालचा घ्या," बाई म्हणाल्या. "आजचं शब्दकोडं राहिलंय."

शनिवार उजाडला. सकाळी स्नान, देवपूजा, जेवण यथास्थित जाहले, आणि मग असा प्रसंग ओढवला की जो त्या घराण्याच्या इतिहासात पूर्वी नव्हता: पंतांनी दुपारची झोप मोडिली. आळीत खिडक्या मिटल्या, दुकानांचे दरवाजे अर्धे खाली आले, कुसुमबाई आतल्या खोलीत निजल्या, आणि त्या अवघ्या निजलेल्या मुलखात एकटे पंत बाह्या सारून मेजापाशी बसले. शेजारी स्क्रूड्रायव्हर, जुना दातांचा ब्रश, तेल, ग्रीस, फडके, आणि कोशिंबिरीचा स्टीलचा वाडगा, जो कोणास न विचारता आणिला होता.

त्या दाढीवाल्याचा मुख्य उपदेश असा की प्रत्येक भाग निघाला की त्याचा फोटो घ्यावा, म्हणजे परत जोडताना क्रम चुकत नाही. परंतु हात तेलाचे, फोनास लावावे कैसे? यावर स्वरालीने मागे कधी करून दिलेली सोय पंतांस आठवली, की फोनापुढे उघडा पंजा धरिला असता तो आपोआप फोटो काढितो. मग त्यांनी फोन हिंगाच्या डबीस टेकवून उभा केला, पडद्यात रीळ नीट दिसते ऐशी खात्री केली, चष्मा नाकावर ओढिला, आणि पुनः पडद्याकडे पाहिले नाही. हिंगाची डबी हलकी होती. फोन तिजसह मागे रेलत गेला आणि हळूहळू आभाळाकडे तोंड करिता जाहला. ही फितुरी पंतांस कळली नाही.

मग हल्ला जाहला. प्रथम दांडा निघाला. पंतांनी पंजा वर केला. मग दोऱ्याची फिरकी निघाली; पंजा वर. फिरकीच्या पोटातून चकत्या निघाल्या, काही लोखंडी, काही नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या; पंजा वर. मग बाजूचे झाकण खोलिले, तो आत दातेरी चाक, त्याखाली दुसरे चाक, आणि दोहोंच्या दातांत मुळशीची वाळू दबा धरून बसलेली. पंतांनी शत्रू पाहिला आणि त्यांस स्फुरण चढले. ब्रशाने एकेक दात घासून त्यांनी वाळूस हुसकाविले, आणि सर्व भाग वाडग्यात एकत्र घालून साबणाच्या पाण्याने धुतले, आणि फडक्यावर मांडून पुसले, आणि ते असे लखलखू लागले की पंतांस क्षणभर वाटले, आता जोडण्याची तरी गरज काय?

येथवर जय. येथून पुढे मात्र दैव फिरले, कारण वाडग्यात सर्वांची एकच जात होऊन कोण कोणाच्या आधी होते हे कोणास सांगता येईना.

पहिल्या जोडणीत दांडा फिरला, फिरकी फिरली नाही. दुसऱ्या जोडणीत फिरकी फिरली, दांडा जागेवर. तिसरे खेपेस दोन्ही फिरले, परंतु उलटे, आणि बाहेर तीन चकत्या राहिल्या, ज्या पंतांकडे अनोळखी माणसाप्रमाणे पाहत होत्या. कपाळी घाम आला. घाम पुसला तो ग्रीस कपाळी आले. मग त्यांस फोटोंची आठवण जाहली, आणि त्यांनी फोनाकडे हात नेला, तोच फोन वाजला. स्वराली होती.

"बाबा, तुम्ही प्रवचन वगैरे सुरू केलंय का?"

"का गं?"

"फॅमिली अल्बममध्ये मघापासून तुमचेच फोटो येतायत. हात वर, मागे पंखा. एकात तर नुसत्या नाकपुड्या आहेत. आनंद म्हणतोय, प्रिंट काढून टीममध्ये लावू, सगळ्यांना आशीर्वाद."

"सगळ्यांना दिसतं ते?"

"अहो बाबा, शेअर्ड आहे ना, दिसणारच. बरं, रीळ झालं का?"

"होत आलंय," पंत म्हणाले आणि फोन ठेविला, आणि मग त्यांनी अल्बम उघडिला. फोटोमागून फोटो पाहिले. सर्वांत पंत, आणि पंतांचा पंजा, आणि पंखा. रिळाचा एक दात कोठे दिसेना. संध्याकाळी व्याही येणार होते.

आता लिहावयाचे ते जड आहे, परंतु लिहिले पाहिजे. पंत उठले आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. हा इसम आयुष्यात कोणापुढे कुमक मागता झाला नव्हता. मिक्सर पेटला तेव्हाही त्याने 'असं होतंच' म्हणून सांगितले होते.

"अगं," ते म्हणाले, "जरा येतेस का बाहेर?"

कुसुमबाईंनी डोळे उघडले आणि विचारिले, "काय उडालं?"

"उडालं काहीच नाही. सगळं आहे. लागत नाहीये."

बाई उठल्या. केस सारखे केले, बाहेर आल्या, मेज पाहिले, फडक्यावरचे भाग पाहिले, कोशिंबिरीचा वाडगा पाहिला आणि त्याविषयी अवाक्षर न बोलता खुर्ची ओढून बसल्या. पंतांस या मौनाचे भय वाटले. मग त्यांनी फोटोंची कर्मकथा निवेदन केली. बाईंनी फोन घेतला, चष्मा लाविला, आणि पहिल्या फोटोपासून सावकाश पाहू लागल्या.

"हा तुमचा पासबुक भरून मिळाल्याचा चेहरा आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे जे काही निघालं ते सहज निघालं."

"दांडा," पंत म्हणाले.

"हा, आनंद पहिल्यांदा घरी आला तेव्हाचा. अडकलंय काहीतरी, आणि तुम्ही सभ्यपणे जोर लावताय."

"बाजूचं झाकण. त्याचा स्क्रू हलत नव्हता."

"पण हा दांड्याला लागून नाही. मधे हा आहे, मोजताना पुटपुटता तसा. काय मोजत होता?"

"चकत्या. बरोबर, चकत्या आधी निघाल्या. झाकण मागनं."

ऐशा रीतीने बाई चेहरे वाचीत गेल्या आणि पंत त्या त्या भागावर बोट ठेवीत गेले, आणि फडक्यावर हळूहळू एक रांग लागली. पंतांस मनात विस्मय वाटला की आपले तोंड इतके बोलते, आणि इतकी वर्षे ते कोणी ऐकत होते. मग एका फोटोपाशी बाई थांबल्या. पुढे गेल्या, परत आल्या.

"हा चेहरा मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

पंतांनी वाकून पाहिले. फोटोत ते स्वतः होते, तोंड किंचित उघडे, भुवया वर, पंजा अर्धाच उचललेला.

"हे कधीचं?"

पंतांनी फडक्यावरची एक चकती उचलून पाहिली. मग म्हणाले, "चकत्या हातात आल्या आणि सगळ्या एकदम निसटल्या. वाटलं, गेलं आता. त्यांच्या कचेरीतल्या लोकांनी दिलेलं आहे ते."

"घाबरला होता?"

"थोडा."

"एवढं मिक्सरला नाही घाबरलात."

"मिक्सर आपला होता."

बाईंनी खुर्ची जवळ ओढिली, आणि तो फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणि मोठा करिता करिता पंतांचे नाक पडद्याबाहेर गेले आणि चष्मा मध्यावर आला. तो काय नवल. चष्म्याच्या डाव्या काचेत, वर्तमानपत्राच्या पांढऱ्या उजेडावर, मेजावर सांडलेल्या चकत्या जशा पडल्या तशा ओळीने दिसत होत्या: नमदा, लोखंडी, नमदा, लोखंडी, आणि शेवटी कानवाली मोठी. निसटल्या होत्या खऱ्या, परंतु मांडीवरून उतरणाऱ्या पोरांप्रमाणे एकामागून एक निसटल्या होत्या.

"उजवी-डावी उलट दिसेल हं, आरशासारखं," पंत म्हणाले.

"ते धरूनच बघतेय. तुम्ही ग्रीस लावा. आणि आधी कपाळ पुसा."

मग उभयतांनी मिळून अखेरचा हल्ला केला. बाई क्रम सांगत आणि पंत बसवीत. चाकांस ग्रीस, कण्यास तेलाचा थेंब, नमद्यास नखाएवढेच. एके ठिकाणी बोटे जाड पडली तेथे बाईंनी डोक्यातली पिन काढून दिली. झाकण बसले, स्क्रू आवळले, चकत्या फिरकीच्या पोटात गेल्या, फिरकी बसली, दांडा बसला. मेजावर काही उरले नाही. दोघांनी वर्तमानपत्र उचलून खालीही पाहिले.

"फिरवा," बाई म्हणाल्या.

"तू फिरव."

बाईंनी फिरविले. दांडा फिरला, फिरकी फिरू लागली, दोन्ही सरळ दिशेने, आणि आवाज असा आला की जैसे लोण्यातून सुरी. कचकच नाही. पंतांनी कान लाविला, मग बाईंनी लाविला, आणि दोघेही फिरकीच्या दोन बाजूंस कान लावून बसले असता दारात रंगराव उभे होते. दार लोटलेलेच होते. ते ठरल्याहून लवकर आले होते, आणि केव्हापासून उभे होते ते त्यांनी सांगितले नाही.

पंत उठले. रीळ दोन्ही हातांत धरून पुढे केले. रंगरावांनी ते घेतले, फिरविले, डोळे मिटून ऐकिले, आणि उलटे करून पुनः ऐकिले.

"वाळू गेली न सगळी," ते म्हणाले.

पंतांच्या जिभेवर पहिले वाक्य तयार होते, आणि ते वाक्य कोणते हे कुसुमबाईंस ठाऊक होते. म्हणून त्या मेजावरची काल्पनिक घाण पुसू लागल्या. परंतु पंत म्हणाले, "उघडलं मी. जोडलं हिने. मी एकटा असतो तर सुटे भाग पिशवीत घालून दिले असते तुम्हाला."

"ठाऊक आहे," रंगराव म्हणाले, आणि खिशातून फोन काढून पुढे धरिला. त्यात पंत होते, पंजासह, पंख्यासह, क्रमवार. "स्वरालीनं मलेही जोडून दिलं आहे त्या अल्बममध्ये. दुपारपासून पाहून राहिलो."

पंतांचा चेहरा त्या क्षणी कसा जाहला ते कुसुमबाईंनी पाहिले, परंतु फोटो नसल्यामुळे येथे देता येत नाही.

"मग फोन का नाही केलात?" पंतांनी विचारिले. "थांबवायचं मला."

"करणार होतो. पहिले चार-पाच फोटो पाहिले तर जीवच गेला माझा. मग म्हटलं, माझ्या वस्तूसाठी हा माणूस एवढं तोंड वाकडं करून राहिला, तर करू द्या." रंगरावांनी रीळ पुनः फिरविले. "खरं सांगू का भाऊ, मी कधी उघडलं नाही हे. हिंमतच नाही झाली."

यावर पंत खुर्चीत बसले, आणि रंगराव दुसऱ्या खुर्चीत बसले, आणि पंख्याकडे कोणी पाहिले नाही. रंगरावांनी विचारिले की आत नेमके काय असते. आणि पंतांनी सांगितले. आणि जेथे पंत चुकले तेथे कुसुमबाईंनी आतून दुरुस्ती केली. मग बोलणे रिळावरून तंगुसाच्या दोऱ्यावर गेले, तंगुसावरून गळावर, गळावरून वैनगंगेच्या माशांवर, आणि तहाचे ते जुने कलम कोणी न फाडता आपोआप निकालात निघाले.

"उद्या येता न मुळशीला?" रंगरावांनी विचारिले.

"येतो. पण काठी मी धरीन. खाली ठेवणार नाही."

"आणि मासा लागला तर?"

पंत विचारात पडले. पिढ्यानपिढ्यांचा प्रश्न होता. "लागला तर तुमच्या हाती देईन," ते म्हणाले. "त्याचं पुढे काय होतं ते मला सांगू नका."

"मीही येणार आहे," कुसुमबाई आतून म्हणाल्या. "फोटो मी काढीन."

येणेप्रमाणे मोहीम सर जाहली. वाळू हद्दपार जाहली, रीळ पूर्ववत किंबहुना अधिक सुरळीत चालू जाहले, भाग सर्व जागेवर बसले, मनुष्यहानी नाही. एक दातांचा ब्रश कामास आला. कोशिंबिरीचा वाडगा त्या दिवसापासून जेवणाचे सेवेतून मुक्त करण्यात आला आणि हत्यारांकडे नामजाद जाहला. विजय कोणाचा ऐसे कोणी पुसेल, तर उघडण्याचे श्रेय यज्ञेश्वरपंतांस, जोडण्याचे कुसुमबाईंस, आणि फोन न करण्याचे रंगरावांस, ऐसा निवाडा आहे.

त्याच संध्याकाळी बाई दमल्या म्हणून पंत खासे स्वयंपाकघरात शिरले आणि संसारात प्रथमच व्याह्यांसाठी चहा आपल्या हाताने केला. त्यात साखर घालावयाची राहिली. ही गोष्ट कुसुमबाईंस पहिल्या घोटाबरोबर कळली, रंगरावांसही कळली, पंतांस तेवढी बोलण्याच्या नादात कळली नाही. रंगरावांनी कप रिता केला, बशीत ठेविला, आणि आणखी अर्धा मागून घेतला.